पंखा शांत, मी नाही

३ तारीख, सोमवार
आज घरून काम. ऑनलाइन मीटिंगमध्ये मी हिशेब समजावून सांगत होतो. साहेबांनी मध्येच विचारलं, कुणाच्या घरी गिरणी चालू आहे का. खरेदी विभागातला भोंगा लगेच म्हणाला, गिरणी नाही साहेब, यांचा कॉम्प्युटर आहे, उडायच्या तयारीत असतो. सगळे हसले. मी मूग गिळून पुढचा आकडा वाचला.

भोंगा हे नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात. त्याचा आवाज जाड आहे आणि ते त्याला माहीत आहे.

मग साहेबांनी जाहीर केलं: आपण लिफ्ट बनवतो, तेव्हा नव्या लिफ्टमधल्या सूचनांचा आवाजही आपल्यातल्याच कुणाचा तरी असावा. घरून रेकॉर्ड करून वीस तारखेपर्यंत पाठवा. निवडलेला आवाज आधी आपल्याच इमारतीत लागेल.

ऑफिस सातव्या मजल्यावर. म्हणजे भोंगा रोज सात मजले माझा आवाज ऐकत वर येणार. दरवाज्यापासून दूर राहा, असं मी सांगणार आणि त्याला राहावं लागणार. सूड असाच घ्यावा, सभ्य भाषेत.

फक्त कॉम्प्युटरचा पंखा गप्प करायचा. एका संध्याकाळचं काम.

४ तारीख
बायको म्हणाली, अहो, खोका उघडून आधी धूळ काढा. मी म्हणालो, धूळ पाच वर्षं आहे, आवाज आत्ता आलाय. यावर ती आत निघून गेली. पटलं असावं.

५ तारीख
नेटवर वाचलं की निम्मा आवाज थरथरीचा असतो, खाली रबर द्यावं. बाथरूममधल्या रबरी चपला कापून चार तुकडे खाली लावले. आवाज थोडा जाड झाला. भोंग्यासारखा. काढून टाकले.

बायको विचारते, चपला कुठे आहेत. मी कामात आहे म्हणून सांगितलं.

८ तारीख, सकाळी
मुलीने कॉम्प्युटरमध्ये पंख्याचा वेग कमी करायची जागा दाखवली. बाबा, थोडाच कमी करा, असं म्हणून कॉलेजला गेली. अर्धवट काम करायची मला सवय नाही. सगळा कमी केला. घरात अशी शांतता, की भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं.

तापमान ९६ दाखवतंय. ताप मलाही येतो, मी कामावर जातो.

८ तारीख, दुपारी
पगारपत्रक अर्धं झालं असताना कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. सेव्ह केलं नव्हतं. याचाही हिशेब भोंग्याच्या नावावर.

१२ तारीख
मुलगी म्हणते, मोठा पंखा हळू फिरून तेवढीच हवा देतो, त्यामुळे आवाज कमी आणि गारवा तोच. मलाही नेमकं हेच सुचणार होतं. ऑर्डर केला.

भोंगा आज डबा खाताना म्हणाला, तुम्ही पाठवताय ना आवाज, तुमचे उच्चार स्वच्छ आहेत. किती गोड बोलून गाफील ठेवतो माणूस.

१६ तारीख, रविवार
पंखा बसवला. स्वतः. त्याच्या कडेला एक छोटा बाण आहे, बहुतेक कंपनीची खूण. खोक्याची बाजू उघडीच ठेवली. हवा थेट तोंडावर येते, एकदम गार. मलाच एवढं गार वाटतं तर आतल्यांना किती वाटत असेल. आवाज जवळजवळ नाही. उरलासुरला जाण्यासाठी वरून दुलई टाकली.

बायको म्हणाली, त्याला थंडी वाजतेय का. भोंग्याची जिरली की हिला सगळं सांगेन.

१८ तारीख
रेकॉर्डिंग झालं. तळमजल्यापासून विसाव्यापर्यंत. ‘दरवाज्यापासून दूर राहा’ हे वाक्य मी भोंग्याचा चेहरा समोर आणून म्हटलं, त्यामुळे त्यात जरब आली आहे.

मुलगी म्हणाली, पाठवायच्या आधी एकदा ऐका. आपलाच आवाज ऐकत बसणं हे भोंग्याचं काम. पाठवून दिलं.

२४ तारीख
निकाल. साहेबांनी सगळ्यांची रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावली. माझं लागलं: ति-ति-तिसरा म-म-मजला. दर-दर-दरवाजा बं. इथे बराच वेळ काही नाही. मग एकदम नववा मजला.

साहेब म्हणाले, आवाज छान आहे, पण लिफ्ट अडकल्यासारखी वाटते, आणि आपल्या धंद्यात नेमकं तेच चालत नाही. सगळे हसले. भोंगा हसला नाही. ते जास्त लागलं.

निवड त्याचीच झाली.

२५ तारीख
मुलगी म्हणाली, कॉम्प्युटर तापला की अडखळतो, आवाजही तसाच तुटक घेतो. तो बाण हवेची दिशा दाखवतो. पंखा उलटा होता, सगळी हवा बाबांना. बायकोने दुलई काढली आणि रंगाच्या जुन्या ब्रशने आतली धूळ झाडली. एक सुपली भरली. पंखा सुलटा बसवला. तापमान निम्म्यावर आलं आणि आवाज शून्य.

 सुपली दोघींनी दारात मला दिसेल अशी ठेवली आहे.

२९ तारीख
आजपासून लिफ्टमध्ये भोंगा. म्हणून मी जिन्याने. आता रोज जिन्यानेच. तत्त्व म्हणजे तत्त्व.

चौथ्यापर्यंत ठीक. सहाव्यावर सफाईवाल्या बाईंनी स्टूल पुढे केलं, मी नाकारलं. सातव्यावर पोचलो तेव्हा धाप चांगलीच लागली होती, कारण साहेबांनी केबिनमधून विचारलं, यांचा कॉम्प्युटर इथे कुणी आणला.

भोंगा उठून आला. मी उत्तर तयार ठेवलं होतं, पण ते द्यायला श्वास नव्हता. त्याने मला आपल्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि टेबलावरचा छोटा पंखा माझ्याकडे वळवला. जुनाट पंखा. आवाज अजिबात नाही.

बोलता यायला लागल्यावर मी विचारलं, याला काय केलंत. म्हणाला, काही नाही हो, मधूनमधून धूळ पुसतो.

संध्याकाळी गुडघ्यांनी जिना साफ नाकारला. लिफ्टने उतरलो. दरवाज्यापासून दूर राहा, असं भोंगा म्हणाला.

राहिलो.