आपल्याच माणसांत पाठवा म्हणे

७ एप्रिल
आज ताटावरून उठलो. भरली वांगी होती, तरी उठलो.

सावीला जर्मनीतून होकार आला. माझी नात, अठरा पूर्ण, बारावीचे पेपर देऊन मोकळी. तिकडच्या एका लहान गावात बेकरी आहे, मालकीण म्हातारी. जुलैत ये, दीड महिना हाताखाली काम कर, शिक, वरच्या खोलीत राहा, जेवण आमच्यात. सगळं पोरीने स्वतः शोधलं. कुठे कुठे लिहीत होती तिलाच माहीत. सांगताना घास हातातच राहिला होता तिच्या.

विलास, म्हणजे आमचे चिरंजीव, तिचे वडील. ऐकून घेतलं आणि म्हणे, "पहाटे तीनला कामावर? परक्या देशात, परक्या घरात? मुलीच्या जातीने?" झालं. विषय संपला. त्याचा.

मंगल भांडी आवरायला लागली. सूनबाई गप्प असली की सावीच्या बाजूने असते. पण त्या गप्प राहण्याचा पोरीला काय उपयोग?

तिकडे उन्हाळा जुलैत असतो म्हणे. इथे इंदिरानगरात आत्ताच डोकं तापलंय.

८ एप्रिल
झोप नीट नाही. राग उतरत नाही.

वि.ला कळत कसं नाही. पोर दोन वर्षं जर्मन शिकतेय. लिहिते, वाचते, सगळं. तोंडी परीक्षेला बसली की जीभ टाळूला चिकटते. दोनदा नापास. तिच्या बाई स्पष्ट म्हणाल्या, जिथे दुसरी भाषा बोलायची सोयच नाही अशा जागी राहून ये, जीभ आपोआप सुटेल. नाहीतर सोड नाद. पुढचं तिकडचं शिक्षण त्या परीक्षेवर अडलंय.

मी सायखेड्याहून नाशकात आलो तेव्हा मला हिंदीचं एक वाक्य धड येत नव्हतं. उस्तादच्या दुकानात जळालेल्या विजेच्या मोटारी भरायला, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायला शिकलो. तिथे मराठी कुणालाच येत नव्हतं. शाळा सातवीला सुटलेली. पण महिन्याभरात मला उस्तादशी हिंदीत भांडता यायला लागलं. भांडता आलं म्हणजे भाषा आली, बाकी सगळं मागून येतं.

वि.ला हे सांगितलं. म्हणे, "आप्पा, तुमचा काळ वेगळा होता." यांचं हे एक वाक्य मला आता पाठ झालंय.

१० एप्रिल
आज एक चांगलं काम केलं. रेखाला फोन लावला.

रेखा म्हणजे आमच्या हिच्या बहिणीची मुलगी, नांदगावची. लग्न होऊन जर्मनीत गेली त्याला बरीच वर्षं झाली. ही होती तोवर तिचे फोन यायचे. माझा आवाज ऐकून रडायलाच लागली बिचारी. "काका, पाठवा ना! माझ्याकडेच राहील. आमच्या ह्यांच्या ओळखीने काम लावू, सर्टिफिकेट पण देऊ. बेकरीत कशाला राबवताय पोरीला?"

शब्द दिला. म्हटलं, आली तुझ्याकडे समज.

वि. एकदम खूश. "हे बरं केलंत आप्पा. आपली माणसं असली म्हणजे घोर नाही." स्वतः जाऊन माझ्यासाठी जिलबी आणली. जिलबी खाल्ली. मोठा पराक्रम केल्यासारखा बसलो होतो.

११ एप्रिल
सा.ने फक्त विचारलं, "आप्पा, तुम्ही शब्द दिलात?"
म्हटलं, हो.
"बरं."
दुपारी तिने बेकरीबाईला नको म्हणून कळवलं. मंगलने सांगितलं मला. डोळे लाल होते म्हणे. मी म्हटलं, असू दे, रेखाकडे गेली की विसरेल.

१६ एप्रिल
रेखाचा फोन. मला वाटलं कामाचं ठरलं असेल. तर विचारते, "काका, सावीला पुरणपोळी जमते का हो? नाही जमली तरी चालेल, साधी पोळी मऊ होते ना?"
म्हटलं, होते बाई. तुला काय करायचंय?
हसली.
मग मंगलला सावीबरोबर पाठवायच्या सामानाची यादी सांगितली. गोडा मसाला, कुरडया, नागलीचे पापड, लिंबाचं लोणचं. पोरीचे कपडे कशात न्यायचे?

तरी मी मनात म्हटलं, माहेरची आठवण येत असेल. द्यावं. एवढं काय.

१८ एप्रिल
डोकं फुटेल आता.

आज व्हिडिओवर बोलली रेखा. मांडीवर तिचा मुलगा, तीन-चार वर्षांचा. गोड पोरगं. आमच्याकडे बघून जर्मनमध्ये काहीतरी बडबडलं. सा. हसून त्याच भाषेत उत्तर द्यायला गेली, तशी रेखा घाईने म्हणाली, "नाही नाही, सावी! त्याच्याशी जर्मन एक अक्षर बोलायचं नाही हं. त्याचं मराठी पार जायला लागलंय. म्हणून तर तू हवीयेस. दिवसभर त्याच्याशी मराठीत बोलायचं, गोष्टी सांगायच्या. आणि आम्ही घरात मराठीच बोलतो. पक्का नियम आहे."

मी विचारलं, आणि कामाचं?
"अगं बाई, हेच तर काम! माझी पण नोकरी आहे ना काका. स्वयंपाक आणि छोटूचं बघायचं. सर्टिफिकेटचं बघतील आमचे हे."

सा. माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. तेच जास्त लागलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणजे विमानात बसून सातासमुद्रापार जायचं, आणि तिथे जाऊन पोळ्या लाटत मराठी शिकवायचं! त्यापेक्षा इथे शेजारच्या पाळणाघरात काय वाईट आहे? आणि हे सगळं कुणी जमवलं? मी. जिलबी खाऊन.

१९ एप्रिल
वि.शी कडाक्याचं भांडण.

मी सांगितलं, रेखाकडे जाणार नाही.
"का? सुरक्षित आहे. घरचं जेवण आहे. दीड महिना मदत केली आपल्याच माणसांना तर काय बिघडलं?"
"अरे, भाषा शिकायला चाललीय ती!"
"शिकेल की. बाहेर पडली की ऐकू येईलच."
"दळण आणायला बाहेर पडणारे का ती?"
"तुम्हीच शब्द दिलात, आप्पा."

हे मात्र बरोबर मारलं त्याने.

आपल्यात हे असंच. पोराला शिकायला पाठवायचं तर तिथे कुणी ओळखीचं आहे का, हे आधी. मामा, मावसभाऊ, गाववाला. काय शिकणार हे नंतर. परक्याकडे पाठवलं तर परका काम सांगतो आणि कामाचं शिकवतो. आपला माणूस काम सांगतो आणि म्हणतो, घरचंच समज.

२० एप्रिल
रेखाला फोन केला. सांगितलं, येणार नाही. शब्द मागे घेतो.

आधी हसली. मग समजलं तिला. "काका, मी तिकीट बघत होते. दीड महिना पूर्णवेळ येते म्हणून ऑफिसात सांगून बसलेय."
म्हटलं, चुकलं माझं. विचारायला हवं होतं.
"मावशी असती तर असं केलं नसतं."
मग हळू म्हणाली, "इथे माझ्याशी दिवसभरात मराठी बोलणारं कुणी नाही हो. हे रात्री येतात. पोरगा जर्मनमध्ये उत्तर देतो. मला वाटलं दीड महिना घरात..." आणि ठेवला फोन.

आता मी कुणावर रागवू? तिच्यावर रागवायला बसलो होतो, जमेना. पण राग तर आहे. कुठे ठेवू तो?

तासाभरात नांदगावहून हिच्या बहिणीचा फोन. तोंडाला येईल ते बोलली. ऐकून घेतलं. एका ठिकाणी मात्र राहवलं नाही, म्हटलं, तुझ्या लेकीला पोळ्यावाली हवी होती, आमची सावी नाही. आपटला तिने.

२२ एप्रिल
सा.ला म्हटलं, बेकरीबाईला परत विचार.
"आप्पा, मीच नको म्हणून कळवलं. आता कुठल्या तोंडाने?"
"त्याच तोंडाने. जर्मन येतं ना त्या तोंडाला?"
हसली नाही.

२३ एप्रिल
दुपारी लावला फोन. व्हिडिओवर. जेवायच्या टेबलावर सा., मी पलीकडे खुर्चीत, दिसणार नाही असा. वि. ऑफिसात.

बेकरीबाई पहिल्यांदा बघितली. पांढरे केस आखूड, चष्मा डोक्यावर, दंडाला पीठ. चेहरा कडक. सा. वहीत लिहून आणलेलं वाचायला लागली, आवाज कापत होता. बाईंनी मध्येच तोडलं. चांगलं खडसावलं असणार, एक शब्द कळला नाही पण सूर कळला. एकदा नको म्हणायचं, परत यायचं म्हणायचं, हा काय पोरखेळ आहे. असंच काहीसं. आमचा उस्ताद याच सुरात बोलायचा.

सा. खाली बघत होती. मला वाटलं, आता रडेल आणि बंद करेल.

तिने वही मिटली. आणि बोलायला लागली. आधी अडखळत, मग थांबेचना. हात काय हलवते, मान काय हलवते, बाई मध्ये बोलायला गेल्या तर त्यांना बोलूच देत नाही! गाल लाल. आवाज चढलेला. मी खुर्चीत ताठ. पोर भांडत होती. वहीशिवाय.

शेवटी बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यावर घेतला आणि तिला नीट बघितलं. काहीतरी थोडकं बोलल्या. बंद.

"काय म्हणाल्या?"
"दुसऱ्या एकाला हो म्हणून झालंय. त्याचं नक्की व्हायचंय. कळवते म्हणाल्या. आणि विचारलं, पहाटे उठता येतं का, कणकेत हात घातलायस का कधी."
"तू काय म्हणालीस?"
"म्हटलं, उद्यापासून घालते."

२४ एप्रिल
जुन्या नाशकात युनूसभाईची पावाची बेकरी. त्याच्या पीठ मळायच्या यंत्राची मोटार मीच भरून द्यायचो. त्याला सगळं सांगितलं. म्हणे, "चाचा, लडकी को सुबह चार बजे भेजो. लेकिन रोएगी तो वापस भेज दूँगा."

वि.ला सांगितलं. म्हणाला, "आता हे पण?" म्हटलं, हे पण. मी नेणार स्कूटरवर. बघू तुझी पोर उठते का.
"तुमचं वय बघा आप्पा."
"वय बघून दमलो. आता स्कूटर बघतो."

२७ एप्रिल
सा. रोज उठतेय. पाव नव्हे, आधी नुसती परात घासायला दिली त्याने. मग कणीक. मनगटं दुखतात म्हणते. भट्टीच्या धगीने हातावर चटका. मंगलने लावायला तूप दिलं, वि.ला दिसेल असं. मुद्दाम.

वि. माझ्याशी बोलत नाही. नको बोलू.

३० एप्रिल
बेकरीबाईचं अजून काही नाही. नांदगाव बंद. रेखाला मी दोनदा फोन केला, नुसतं मराठीत बोलायला म्हणून. उचलत नाही. तिचा राग खरा आहे. लावत राहीन.

सकाळी सा.ने कागदात पाव बांधून आणले. पहिल्यांदाच तिच्या हातचे. एका अंगाने करपलेले. वि. चहाला बसला होता. पाव बुडवला, खाल्ला. "कुणी केलाय हा?"
मंगलने नुसतं सावीकडे बोट केलं.
"करपलाय," म्हणाला. आणि दुसरा उचलला.

सा. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि बापाला जर्मनमध्ये काय काय सुनावलं. फाडफाड. श्वास न घेता. वि. घास तोंडात धरून बघतोय.

"काय म्हणतेय ही?" मला विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला विचारलं.
मला तरी काय कळतंय? म्हटलं, "भांडतेय तुझ्याशी."

जर्मनीला हो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही. तिसरा पाव उचलून ऑफिसच्या डब्यात ठेवला आणि गेला.

माझा राग आहे तसाच आहे. स्कूटरमध्ये पेट्रोल बघायला हवं, उद्या परत पहाटे निघायचंय.