परातीतला पाला

मंगळवार, संध्याकाळ

दोन्ही बुटक्या शेळ्यांनी आज खाल्लं. आधी हे लिहून ठेवते, मग बाकीचं.

रविवारी पहूरहून आणल्यापासून तोंडाला काही लावलं नव्हतं. गुडघ्याएवढ्या त्या, म्हणून मी सुबाभळीचा पाला निवडून, धुऊन, कणकेच्या परातीत घालून पुढ्यात ठेवत होते. हुंगायच्या आणि मान फिरवायच्या. आज सकाळी हे म्हणाले, "उद्या परत देऊन येऊ." मी पुन्हा ताजा पाला धुवायला घेतला.

दुपारी शेजारच्या अक्का आल्या. त्यांचा जन्म शेळ्यांत गेलेला. परात बघून हसतच सुटल्या. "बकरी खाले पडेल खात नही, माय. वर टांग." खाली पडलेलं शेळी खात नाही, वरचं ओरबाडून खाते म्हणे. त्यांनी पाल्याची जुडी कपड्यांच्या दोरीला बांधली. दोघी मागच्या पायांवर उभ्या, माना वर, आणि पाला गायब. पाठोपाठ यांच्या सदऱ्याची बाहीही; सदरा शेजारीच वाळत होता. ते बघून हेच आधी हसले. परत द्यायचा विषय संपला.

मला कसं सुचलं नाही? पाहुण्यांना वाढावं तशी वाढत बसले.

परात मात्र हातची गेली. धाकटी शेळी तीत पाय दुमडून झोपली आहे. उठवायचा धीर होत नाही. पोळ्यांची कणीक आज पातेल्यात मळते.