गुंजी स्टेशनावरचं पोतं

मंगळवार, १८ जानेवारी १९३८

एकोणीस! पुन्हा इचारलास तरी एकोणीसच. मोजायचं असंल तर गोठ्यात शिर आन् बोट लावून मोज — बोचकारलं तर हळद मागायला माझ्याकडं येऊ नको.

असं अप्पासायबाच्या तोंडावर म्हटलं आज. गावचा पंच झाला म्हणून काय माझ्या मांजरांची रोज शिरगणती करायची? मिशा तेच्या आमच्या काळ्या बोक्यागत. तेबी म्हटलं. पाण्याला आलेल्या बाया फिदीफिदी हासल्या. तो हासला न्हाय. म्हटला, "मनुआक्का, मांजरापायी गावाला काय तरास झाला तर गोठा रिकामा करायचा. पंचांचं ठरलंय. आन् भाईरनं आणखी मागवायची न्हाईत. ध्यानात ठेव."

काल चौदाच हुती. आज दुपारच्या गाडीनं पोतं आलं. स्टेशनावरच्या हमालानं, मष्णूनं, डोक्यावरनं आणलं. आतली मुतली ती तेच्या पटक्यावर! सुतळी उसवली तर सहा. एक गुदमरून मेल्यालं. एवढंसं, काडीगत पाय.

बेळगावच्या लोकांची अक्कल बघा! मांजर मारलं तर पाप. पाप फेडायला सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यायला पायजे. सोनं कोण देणार? मग मारायचं न्हाय — पोत्यात कोंबायचं, तोंड शिवायचं, गार्डाच्या डब्यात ढकलायचं. गुंजीला रान हाय, गुंजीला मनुबाई हाय! पाप गाडीत बसून गेलं, तेबी बिनतिकिटाचं. आन् हेंच्या दारात सकाळी रांगोळी!

लई बोलले मी स्टेशनात जाऊन. स्टेशनमास्तर भाईर येऊन बघालता. मष्णू पटका पिळत उभा हुता.

बुधवार, १९ जानेवारी

शेजारची जयाबाई सकाळी दारात. "आक्का, बियाणाच्या भातात उंदरं शिरल्यात. कणगीला खालनं भोक पाडलंय. एक चांगली मांजरी दे."

म्हटलं, देते. पण माझी पोरगी हाय असं समजून ने. तीन दिस चुलीपाशी बांधून ठेव, न्हायतर पळून येती. पहिली भाकरी तुझ्या हातानं घाल. कुत्रं बांधून ठेव. आन् उपाशी ठेवायची न्हाय.

"उपाशी ठेवली तर उंदरं जास्ती धरती, असं म्हणत्यात की."

डोस्कं फिरलं माझं! म्हटलं, तुझ्या न्हवऱ्याला उपाशी ठेव, मग बघ किती नांगरतोय! पोट भरल्यालं मांजर घर धरतंय आन् खेळत खेळत उंदीर मारतंय. उपाशी मांजर शेजारचं दूध प्येतंय आन् शिव्या मला बसत्यात.

ती हासली. पोत्यातली पट्ट्याची मांजरी तिला दिली. अंगानं भरल्याली, डोळं लखलखीत. नवं आल्यालं मांजर धा दिस पडवीत येगळं बांधायचं, माझाच नेम हाय. पण जयाबाईला घाई, उंदरांना घाई, आन् मांजरी दिसाय धडधाकट. दिली.

शुक्रवार, २१ जानेवारी

स्टेशनाच्या फळीवर खडूनं लिवून आले — "हितं वाघ हाय. मांजरं उतरवू नका." मास्तरनं पुसलं. म्हणं, धारवाडकडली एक बाई डब्यातनं उतरायलाच तयार हुईना!

सोमवार, २४ जानेवारी

पोत्यातलं धवळं पिल्लू खाईना. पिवळं, फेसाळ वकतंय. पाण्याच्या परळावर मान टाकून बसलंय — तोंड पाण्यापाशी, पण प्येत न्हाय. असं कदी बघितलं न्हवतं. ताकाचं पाणी बोटानं चाटवलं, तेबी भाईर.

मंगळवार, २५ जानेवारी

धवळं गेलं.

गुरुवार, २७ जानेवारी

सात गेली. सात! काळा बोक्या गेला, म्हातारी लंगडी गेली. लंगडी आठ वरसं माझ्याकडं हुती. सगळ्यांचं एकच — फेस, हगवण, आन् त्या परळावर मान. परसात खड्डं काढून, चुना टाकून पुरल्यात. हात सोलल्यात माझं.

जयाबाईची पट्ट्याचीबी गेली. तिच्याकडनं वाड्यावरची दोन गेली, पल्याडच्या आळीतलीबी चार. मीच दिल्याली सगळी, गेल्या चार-पाच वरसांत.

आन् गावात काय बोलत्यात? "पिलेग!" म्हातारी माणसं सांगत्यात, त्या साली आधी उंदीर पडलं, मग माणसं. आता मांजरं पडल्यात! दोन घरांनी रानात झोपडी बांधायला बांबू तोडलं. मी वरडून सांगतेय, अरं हा मांजरांचाच रोग, माणसाला काय न्हाय, मी रोज हातात घेतेय, मला काय झालं? ऐकतोय कोण! पाण्याला गेले तर बाया बाजूला सरकल्या. ह्याच बाया, दर भाताला माझ्या दारात — "आक्का, मांजर दे की गं." आता मी चेटकीण!

सांच्याला अप्पासायबाचा माणूस येऊन सांगून गेला — परवा दिवशी चावडीवर ये.

शनिवार, २९ जानेवारी

चावडीवर गेलते. सगळी बसल्याली. मास्तरलाबी बोलावून आणल्यालं.

अप्पासायब म्हटला, "रोग पोत्यातनं आला. हे मनुआक्काबी कबूल करती. आता एकच बघायचं. पोतं मनुआक्कानं मागवलं असंल, तर आजच्या आज गोठा रिकामा. उरल्याली मांजरं रानात. तिला न इचारता कुणी उतरवून तिच्या गळ्यात मारलं असंल, तर तेचा दोष."

मग मास्तर म्हटला, "गार्डाच्या डब्यातनं असलं काय उतरवायचं न्हाय म्हणून माझा हुकूम हुता. दिवाळीपास्नं."

सगळी मष्णूकडं बघाय लागली. तो दाराशी उकिडवा बसल्याला. पटका मांडीवर. पटक्याला अजून वास.

"मष्णू, कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाय जी. आलं ते मी उतरवलं. आक्कांच्या दारात टाकलं."

मास्तरनं तितंच तेचा पितळी बिल्ला काढून घेतला. बावीस वरसं दंडाला बांधल्याला. दंडावर तेवढीच जागा गोरी हुती.

गोठा राहिला.

रविवार, ३० जानेवारी

न्याव म्हणत्यात हेला? हे पंच! एका हमालाला धरलं आन् मिशा पिळून घरला गेलं! बेळगावात गादीवर बसून पोतं शिवणाऱ्याला कुणी बोलावलं? तेचं नाव कुणी इचारलं? गार्डाला कुणी इचारलं? गार्ड साहेबाच्या टोपीचा, तेला कोण इचारणार! आन् मास्तर — मष्णूच्या डोक्यावरनं तेच्या घरचं भात, लाकडं, साळंला जाणारी पोरं, सगळं जायचं. तवा हुकूम कुठं गेलता? मागल्या पावसात रुळावर झाड पडलं तवा कंदील घिऊन गाडीपुढं धावला कोण? मास्तर का?

आन् अप्पासायब! न्याव सांगताना तेचा हात मांडीवरच्या मांजरावर हुता. मीच दिल्यालं. जगलंय ते.

काल चावडीवरनं येताना वाटंत तेला गाठलं. म्हटलं, मष्णूला परत घ्यायला सांगा मास्तरला. म्हटला, "मनुआक्का, गोठा वाचला न्हवं तुझा? मग गप ऱ्हा."

तेला काय तरी झोंबणारं बोलायला पायजे हुतं. सुचलं न्हाय. मला सुचलं न्हाय!

बुधवार, २ फेब्रुवारी

शनिवारपातूर आणखी सहा गेली. उरली पाच. चार दिसांत नवं कोण आजारी पडलं न्हाय.

तरट, परळ, जुनं गवत, सगळं जाळलं. गोठा दोनदा चुन्यानं सारवला. नवं मांजर आता पडवीतबी न्हाय, परसातल्या खोपीत, आन् धा न्हाय, पंधरा दिस. मग देव जरी मागायला आला तरी हात जोडून सांगायचं, पंधरा दिसांनी या.

जयाबाई आलती. बियाणाचं भात उंदरांनी निम्मं न्हेलं. मी म्हटलं, माझं भात ने पेरायला, चुकी माझी, नेम मोडून मांजरी दिली. ती म्हटली, "तुझी कसली चुकी आक्का? त्या मष्णूच्या तोंडात माती पडो. वास मारणारं पोतं आणून टाकलं."

म्हटलं, असं बोलू नये गं.

"का? तुझीच तर मेली."

भात मोजून दिलं.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

मष्णूची बायको अंजनी आलती. बुट्टीत तेंची राखी मांजरी. सगळ्या रोगात तेंच्या आळीतली ती एकटीच जगली. अंजनीनं कडी लावून घरातच कोंडल्याली.

"आक्का, आमी लोंढ्याला चाललोय. तितं लाकडं चढवायचं काम मिळंल म्हणत्यात. राहायला अजून जागा न्हाय. ही तुमची तुमाला. परवडंना झालं तर वाटंत सोडू नका, परत आणून द्या, असं तुमीच म्हटल्यालं."

"घिऊन जा की तिला. तितंबी उंदरं असत्यात."

"न्हाय आक्का. हेनी सांगितलंय, आक्कांची वस्तू आक्कांना." मग बुट्टी खाली ठेवत, "तुमी लई काय मनाला लावून घेऊ नका, असंबी सांगितलंय."

बसली न्हाय. चहा ठेवते म्हटलं तर गाडी चुकंल म्हटली. राखीनं बुट्टीतनं उडी मारली आन् सरळ चुलीपाशी जाऊन बसली. तीन दिस बांधायचीबी गरज न्हाय.

मष्णू आला न्हाय.

रविवार, ६ फेब्रुवारी

पोतं मीच मागवलं हुतं. दिवाळीच्या टायमाला नऊ मांजरं दिली, गोठा सुना झाला, मला करमंना. मष्णूला म्हटलं, बेळगावच्या हमालांस्नी सांगून ठेव, असतील ती धाडा. "मास्तरचा हुकूम हाय आक्का," म्हटला तो. म्हटलं, मी हाय की! चावडीवर सगळी तेच्याकडं बघत हुती, आन् तो माझ्याकडं. मी पदर नीट करत बसले.