सुपडूची फुई

२ नोव्हेंबर, रविवार
गोपालला मुलगा झाला! शिरपूरला, रुपाच्या माहेरी. आधीची दोन्ही लेकरं जगली नाहीत, हे तिसरं. भाऊ फोनवर रडत होता. म्हटलं, आत्ताच रडतोस काय, मी नाव ठेवल्यावर रड. आमच्याकडे नाव ठेवायचा मान फुईचा, म्हणजे आत्याचा. सख्खी फुई मी एकटीच. प्रश्नच मिटला.
नाव पक्कं: सुपडू. आमच्या वडिलांचं. त्यांच्याआधीची भावंडं जगत नव्हती, म्हणून त्यांना जन्मल्याबरोबर सुपात घातलं. मरणाला वाटावं, पाखडून टाकलेला कोंडा आहे. वडील नव्वदीत गेले.

४ नोव्हेंबर
गोपालला सांगितलं. हसत सुटला. आक्का, तुनी बठ्ठी मस्करीच ऱ्हास, म्हणाला. म्हणजे माझी सगळी मस्करीच असते. त्याच्या लग्नात मी मांडवात ओरडले होते, नवरदेव पळाला! तेव्हापासून माझं खरं कोणी धरत नाही.
ठराव: आजपासून मस्करी बंद.

५ नोव्हेंबर
दिवसभरात एकच फोन. लोनवाली मुलगी. तिला विचारलं, सुपडू नाव कसं वाटतं गं? तिने फोन ठेवला. (ही मस्करी नव्हती.)

७ नोव्हेंबर
रुपाने मोबाईलवर नाव शोधलंय: रेयांश. शेजारच्या सबीहाला बघायला लावलं. अर्थ: किरण. उगम: संस्कृत. लोकप्रिय: लई. सबीहा म्हणाली, मावशी, आपल्या अंगणवाडीतच तीन आहेत. म्हटलं, आता सुपडू टाक. मोबाईल म्हणाला, असं नाव सापडलं नाही. म्हणजे यमालाही सापडणार नाही. हाच तर फायदा!

९ नोव्हेंबर
रुपाच्या आईचा, मंदाबाईंचा फोन. ताई, बारशाला या, पोटभर जेवा, पण पाळण्याला सवाष्णी लागतात, नाव तुमची चुलत बहीण ज्योत्स्ना ठेवेल.
हे गेल्याला नऊ वर्षं झाली. आजकाल कोण असलं धरतं? कारण वेगळंच आहे. मी खरंच सुपडू म्हणेन, याची बाईने धास्ती घेतलीय. म्हणजे मी जिंकत आले.
बाळाचा फोटो अजून पाठवला नाही. नजर लागते. बरोबरच आहे त्यांचं.

१३ नोव्हेंबर, सकाळ, धुळे स्टँड
नवंकोरं सूप घेऊन निघालेय. कंडक्टर म्हणाला, आक्का, सुपाचं तिकीट? म्हटलं, बाईच्या हातातलं सूप, त्यालाही हाफच लाव. अख्खी बस हसली.
ठराव उद्यापासून.

१३ नोव्हेंबर, दुपार, शिरपूर, मागची खोली
मला इथे एकटीला बसवलंय, गर्दीचा त्रास नको म्हणून. आणि आत्ता मंदाबाई स्वतः येऊन बाळ मांडीवर देऊन गेल्या! धरा जरा, एवढंच म्हणाल्या. मी काय ते समजले. उघड कसं बोलणार बिचारी?
लगेच सुपात घातला. पाय बाहेर आले. बारा दिवसांचा म्हणून चांगलाच दांडगा, आमचं रक्त. कानात म्हटलं, सुपडू, मी तुझी फुई. हसला! डाव्या हाताने सूप धरून लिहितेय.
बाहेर बायका कुर्रर्र करतायत. पाळण्याचं गाणं सुरू झालं.
मग पाळण्यात कोण आहे?

१४ नोव्हेंबर, घरी
ती ज्योत्स्नाची मुलगी. चार महिन्यांची. आई नाव ठेवायला उभी, म्हणून माझ्याकडे दिली होती.
ज्योत्स्ना पोरीला न्यायला आली. अगं आक्का, सुपात काय घातलंस हिला, तुझी मस्करी काही जात नाही! बायका पोट धरून हसल्या. मीही हसले.
मग गोपाल आला. म्हणाला, आक्का, रेयांश झोपलाय, उठला की दाखवतो. म्हटलं, झोपू दे रे, मला कुठे घाई आहे.
मी चारच्या बसने निघाले.
तेव्हाही झोपलेलाच होता.