साहेबाची टोपी

कुंभारवाडा, १३ ऑगस्ट, संध्याकाळ

शी! माझीच मला किळस आलीय.

परवाच्या झेंडावंदनाला नाटक आहे, त्याची आज देवळापुढच्या मांडाच्या पटांगणात तालीम झाली. मी इंग्रज साहेब. डोक्यावर सुपारीच्या वाळक्या झावळीची, चुना फासलेली टोपी. महादेव नाटकातला गावचा पुढारी. त्यानं विचारलं, "साहेब, आमच्या रानातनं तुमी कवा जाणार?" पाठ केलेलं उत्तर मला आठवेना. मग तोंडाला आलं ते बोललो, "आमी गेलो तर रान कोण राखणार? तुमास्नी जमणार न्हाई. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

लोक पोट धरून हसले. महादेव म्हणाला, "आमच्या आज्यानं रान राखलं, तवा तुमी कुठं होता?" टाळ्याच टाळ्या.

पण मला ते सुचलं कुठून? गेल्या महिन्यात वाघांसाठी गाव उठवायची सभा झाली, तिथं वरून आलेला वनखात्याचा साहेब कन्नडात असंच बोलला होता, की रान राखणं गावाला जमणार नाही. आणि शेजारच्या खुर्चीत बसून लोकांना ते मराठीत कोण सांगत होतं? मीच. त्यात "तुमच्याच भल्यासाठी" हे तर साहेब बोललाच नव्हता. ते मी पदरचं घातलं. का? खुर्ची मिळाली म्हणून?

घरात शिरलो तर बायको म्हणाली, "ती टोपी काढा की आता."

टोपी डोक्यावर तशीच होती. येताना वाटेत चार जण भेटले. एकजणही हसला नव्हता.