मामांच्या मोटरसायकलचा ताप

ती. मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार (वाकल्यावर कंबर धरली, म्हणून तो जरा लांबला). तुमचे गुडघे कसे आहेत? आमच्याकडे सगळे खुशाल, ताप फक्त तुम्ही दिलेल्या मोटरसायकलला आहे.

चढ लागला की इंजिन असं तापतं की पोटरीला चटके बसतात, आणि मग गाडी बसकण मारते. (मागे बसलेली तुमची भाचेसून उतरून चालू लागते. वर माझ्याआधी पोचते, हे जास्त वाईट.) शेवटी तिने निकाल दिला, रविवारपर्यंत बरी झाली नाही तर गाडी भंगारात. मामा, भंगारात कशी देऊ? याच गाडीवर तुम्ही मला चालवायला शिकवलंत.

मेकॅनिककडे नेली. त्याने ऑइल बदललं, प्लग बदलला, इंजिनाच्या पात्यांमधला चिखल खरवडला, कार्बुरेटर उघडून साफ केला. मागचा दिवा सारखा जातो म्हणून तोही नवा लावला. पण गाडी त्याच्या दारात गाईसारखी गरीब, रस्त्याला लागली की पुन्हा फणफणते. "साहेब, गाडीत काहीच दोष नाही," तो म्हणाला. मग कोणात आहे, हे विचारायचं मी टाळलं.

शनिवारी बायको बसने निघाली आणि मी गाडीवर पुढे. रस्ता तुंबलेला, त्यामुळे बस सगळा वेळ माझ्या मागेच. उतरल्या उतरल्या ती म्हणाली, "अहो, तुमचा लाल दिवा एकदाही विझला नाही. सारखा ब्रेक कशाला दाबता?" खाली पाहिलं, तर गाडी स्टँडवर आणि माझा पाय अजून ब्रेकवरच! "पाय ब्रेकवरून हलला तर तंगडं मोडीन," हे तुमचं वाक्य मी कॉलेजपासून इमानेइतबारे पाळतोय. ब्रेकने चाक धरलेलं आणि इंजिन ओढतंय, बिचारं तापेल नाहीतर काय करेल! (मावशीची स्कूटरही तापते असं कळलं. तिचे गुरुजीही तुम्हीच.) असो, गाडी भंगारातून वाचली.

तुमचा,
भाचा

ता. क. : लेक गाडी शिकायची म्हणते, आणि शिकवायला तुम्ही येणार असं ऐकलं. जरूर या, पण पाहुणे म्हणून. शिकवण्याचं मी बघतो.

ता. क. २ : आज पाय उचलून चालवली. इंजिन गारेगार. कोपऱ्यावर कुत्रं आडवं आलं, ब्रेक वेळेवर सापडला नाही, मी कुंपणात. गाडी ठीक आहे, गुडघा फुटला.

ता. क. ३ : लेकीने हे पत्र वाचलं. ती म्हणते, आजोबांकडे शिकलेल्यांच्या गाड्या तापतात, पण पडलेलं कोणी नाही. बाबा पहिले, तेही त्यांचं न ऐकल्यावर. तेव्हा शिकवायला तुम्हीच या. गुडघ्यांची काळजी करू नका, तिच्या मागून पळायला मी आहे. माझा एक अजून शाबूत आहे.