मी न काढलेली ओळ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, व्यवसाय सर्व्हर सांभाळणे (सहा वर्षांपूर्वीपर्यंत), पूर्ण शुद्धीत आणि पुरेशा रागात हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून फितवलेले नाही. माझे मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शरीराचा दाखला त्यांनी दिला नाही आणि मीही मागितला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढची गच्ची, माझ्या पुतणीला मिळावे. ती माझ्या धाकट्या दिरांची मुलगी आहे. हा तिचा दोष नाही.

कलम २. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना गच्चीची किल्ली कोणत्याही सबबीवर देऊ नये. त्यांच्या कूलरचे पाणी नऊ वर्षे माझ्या कुंड्यांत ठिबकते आहे आणि नऊ वर्षे ते "उद्या बघतो" म्हणत आहेत. त्यांनी उद्या बघावे.

कलम ३. जाऊबाईंना, म्हणजे पुतणीच्या आईला, माझे लाकडी कपाट द्यावे. त्यांना सगळे ठाऊक होते आणि त्या मूग गिळून बसल्या. पण माझ्या आजारपणात रोज डबा त्यांनीच आणला. दोन्ही गोष्टी माझ्या ध्यानात आहेत, म्हणून कपाट द्यावे आणि आतला चोरकप्पा आधी रिकामा करून घ्यावा.

कलम ४. माझा लॅपटॉप आणि बावीस वर्षांच्या नोंदवह्या पुतणीला द्याव्यात. दवाखान्याच्या सर्व्हरवर केलेला प्रत्येक बदल त्यांत तारीखवार लिहिलेला आहे.

तिला एक सूचना करते. तिला ती पाठ आहे, पण हा कागद इतरही वाचतील. आपल्या सर्व्हरवर दोन अॅप्लिकेशने राहतात. औषध भांडाराचे माझ्या यजमानांनी लिहिलेले, त्याला प्रोग्रॅमिंगच्या भाषेची जुनी आवृत्ती लागते. डायलिसिसच्या पाळ्यांचे पुतणीने नव्याने लिहिलेले, त्याला नवी. वेब सर्व्हरच्या फाइलीत प्रत्येकाच्या नावापुढे त्याची आवृत्ती सांगणारी एक ओळ असते. ती ओळ नसली, की सर्व्हर विचारत बसत नाही. तो आपला जुन्या सवयीने जुनी आवृत्ती वाढतो. आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून "आवृत्ती कोणती" असे विचारले, तर जे उत्तर येते ते त्या काळ्या पडद्यापुरते असते. वेब सर्व्हर काय चालवतो हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी अॅप्लिकेशनच्याच फोल्डरमध्ये आवृत्ती सांगणारे छोटे पान ठेवायचे, ते ब्राउझरमधून उघडायचे, आकडा बघायचा आणि पान लगेच पुसायचे. सगळे मिळून दोन मिनिटे लागतात. ही दोन मिनिटे ज्याने वाचवली, त्याची हकीकत पुढच्या कलमात आहे.

कलम ५. यजमान गेल्यावर दवाखान्याचे सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्या घरच्या कंपनीचा अर्धा हिस्सा माझ्याकडे आला, अर्धा दिरांकडे होताच. सर्व्हर मी बघायची, माणसे ते बघायचे. सहा वर्षांपूर्वी दवाखान्याचे अधिकारी पाहणीला येणार म्हणून दिरांनी साफसफाई काढली. पडद्यावरची फाइल बघून मला म्हणाले, "वहिनी, एकाच सर्व्हरवर दोन दोन आवृत्त्या? केवढा हा पसारा."

मी म्हटले, "भावजी, पसारा दिसला तरी त्या ओळीला हात लावू नका. पाळ्यांचं पान तिच्यावर उभं आहे."

"नाही लावत हो," ते म्हणाले.

रविवारी दवाखान्याचे डायलिसिस केंद्र बंद असते. त्या दुपारी त्यांनी ती ओळ काढली. सर्व्हर पुन्हा चालू केला, काळ्या पडद्यावर आवृत्ती विचारली, नव्या आवृत्तीचा आकडा आला, त्याचा फोटो काढून दवाखान्याला पाठवला आणि घरी गेले. पाळ्यांचे पान त्यांनी एकदाही उघडून पाहिले नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता केंद्रातल्या मुख्य परिचारिकेने पान उघडले. ते कोरे पांढरे होते. यंत्रे अकरा, दिवसाच्या पाळ्या तीन, बाहेरच्या बाकांवर माणसे बसलेली आणि कोणाचा नंबर कधी हे सांगणारी यादी नाही. त्या बाईने आठवेल तशी यादी हाताने केली. तिला मी कधीच दोष दिला नाही. त्या यादीत एक म्हातारा शिंपी पहिल्या पाळीतून तिसऱ्या पाळीत गेला. दोन दिवसांचे अंगात साठलेले पाणी घेऊन तो दुपारी चारपर्यंत बाकावर बसून राहिला. नवव्या दिवशी तो गेला. दवाखान्याने कारण हृदयाचे लिहिले. ते खरेही असेल.

मला निरोप आला तो नऊ वाजता. मी गेले, ब्राउझरमधून आवृत्ती पाहिली, ओळ परत लिहिली, सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावली. चार मिनिटे लागली. पण तोवर यंत्रे लागलेली होती आणि तो दिवस हाताच्या यादीनेच पुढे गेला.

दुपारी दवाखान्यात बैठक झाली. दिरांनी सगळ्यांपुढे हात जोडून सांगितले, "वहिनींचं आता वय झालंय. त्यांच्या हातून ओळ निसटली. मी वेळेत दुरुस्त करून घेतलं."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होते. मी गप्प बसले, कारण मला वाटले, घरचा माणूस आहे, घाबरला आहे, संध्याकाळपर्यंत स्वतःच जाऊन खरे सांगेल. हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मूर्खपणा होता. संध्याकाळपर्यंत माझे पासवर्ड बदललेले होते.

ती फाइल कोणाच्या नावाने, कोणत्या दिवशी, किती वाजता बदलली गेली, याची सर्व्हरने ठेवलेली नोंद परिशिष्ट म्हणून जोडली आहे. रविवार, दुपारी तीन वाजून बारा मिनिटे. नाव दिरांचे.

कलम ६. माझी बँकेतली ठेव शिंप्याच्या बायकोला मिळावी. तो गेल्यावर मी तिच्या घरी गेले होते. जिन्याखालची एक खोली, खिडकीशी शिलाई मशीन, मशीनवर अर्धवट उसवलेला कोट. तिने विचारले, "ती ओळ विसरलेल्या बाई तुम्हीच ना?" मी तोंड उघडायच्या आत तिने दार लावून घेतले. कंपनीत माझ्याबद्दल काय बोलतात याची मला फिकीर नाही. त्या एका दारात माझे नाव साफ झाले पाहिजे. मी सहा वर्षे त्यासाठी जळते आहे आणि ते मला मेल्यानंतर का होईना, पण हवे आहे. ठेव देण्याआधी वकिलांनी तिच्या घरी जावे आणि कलम पाच तिला मोठ्याने वाचून दाखवावे. मगच पैशांचे बोलावे. तिने पैसे नाकारले तरी कलम पूर्ण वाचावे.

कलम ७. दिरांना माझा जुना कीबोर्ड द्यावा. त्याचे खोडायचे बटण चालत नाही. तसेच त्या सोमवारच्या तत्पर दुरुस्तीबद्दल दवाखान्याने त्यांना दिलेल्या मानपत्राची, मी चौकट करून ठेवलेली प्रत द्यावी. ती चौकट सहा वर्षे माझ्या न्हाणीघरात होती.

कलम ८. कंपनीतला माझा अर्धा हिस्सा.

(अ) या मृत्युपत्राचे पहिले साक्षीदार म्हणून मी धाकट्या दिरांनाच बोलावले आहे. पूर्ण मजकूर मी त्यांच्या हातात देणार आहे. त्यांना उजेडाची खुर्ची, चहा आणि हवा तेवढा वेळ देणार आहे. त्यांनी वाचले आणि कलम पाचवर एक शब्द जरी काढला, मग तो माफीचा असो, भांडणाचा असो, वा शिवीचा, तर माझा सगळा हिस्सा त्यांना मिळावा. मग शिंप्याच्या घरी वकिलांऐवजी त्यांनी स्वतः जायचे.

(आ) न वाचता सही केली, तर सगळा हिस्सा पुतणीला मिळावा आणि सर्व्हरच्या खोलीच्या सर्व किल्ल्या त्याच दिवशी तिच्या ताब्यात द्याव्यात. तिच्या परवानगीशिवाय दिरांनी त्या खोलीत पाऊल ठेवू नये.

वकील म्हणाले, "बाई, असली अट मी जन्मात लिहून दिलेली नाही. शिवाय साक्षीदार मजकुराला नसतो, तुमच्या सहीला असतो."

मी म्हटले, "मग मजकुरालाही असेल असं लिहा." त्यांनी कपाळाला हात लावला आणि पुढचे निवेदन सांगितले. ते मी शेवटच्या पानावर, सहीच्या जागेच्या अगदी वर, ठळक अक्षरांत लिहिले आहे.

कलम ९. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वकिलांनी करावे. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर दिरांना बोलू देऊ नये.

लिहून देणार: (सही)

साक्षीदारांचे निवेदन: लिहून देणारीने आमच्यासमोर सही केली. आम्ही कलम १ ते ९ वाचली आहेत. कलम ५ मधील ओळ साक्षीदार क्र. १ यांनीच काढली, हे त्यांना मान्य आहे.

साक्षीदार क्र. १: (सही) लिहून देणारीचे धाकटे दीर

साक्षीदार क्र. २: (सही) कुटुंबाचे डॉक्टर. मी सर्व कलमे वाचली.

ठिकाण: राहत्या घरी, पुढच्या खोलीत
दिनांक: १४ मार्च, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

वकिलांची नोंद: साक्षीदार क्र. १ यांच्याकडे सर्व पाने ११ वाजून १७ मिनिटांनी दिली. त्यांनी शेवटचे पान वर घेतले आणि "वहिनी, सही कुठे करू?" असे विचारले. बाईंनी बोट ठेवून जागा दाखवली. सही करून, चहा न घेता ते निघून गेले.  बाई म्हणाल्या, "लिहून घ्या." कलम ८ (आ) लागू.